नळीवरची गुढी

"वैनी, ह्या उभ्या नळीचं तोंड कधी झाकू नगा. टाकीची वाफ हितनंच जाती. कोंडली, तर टाकी फुटंल बघा."

गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसवून जाताना जोतीरामनं जिन्यात थांबून बजावलं होतं. आक्काताई "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि त्याच्या हातावर साखर ठेवून मोकळ्या झाल्या.

त्याचं बोलणं त्यांना आठवलं ते थेट पाडव्याच्या भर दुपारी, वर काहीतरी गुरगुरलं तेव्हा.

नव्या घरातली पहिली गुढी आळीत सगळ्यांत उंच हवी, म्हणून सकाळी त्यांनी वेळूची काठी बाजूला ठेवली आणि ती नळीच धरली. तांब्या डुगडुगत होता. मग खणाची घडी नळीच्या तोंडात दाबून बसवली, वर तांब्या पालथा घातला आणि सुतळीनं करकचून आवळला.

टाकीच्या बरोबर खाली सासूबाईंची खोली. चिमणाबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या.

"आक्काताई, वर कोण घोरतंय गं? माझा हंबीर तर दुकानात हाय की!"

आक्काताईंना हसू येईना. सासूबाईंना एकटीनं उचलणं होणार नव्हतं. गुढी उतरवावी, तर दिवस मावळायच्या आत हात लावलेला देवीला कसा चालावा? आजवर एक नेम मोडला नव्हता. छताचा गिलावा भुरभुरत अंथरुणावर पडला.

त्या न्हाणीत धावल्या, गरम नळ सोडला. फुत्कारत वाफ आली, मागोमाग उकळतं पाणी. गुरगुर थोडी उतरली, थांबली नाही.

त्या जिना चढू लागल्या. 'आई अंबाबाई, अवेळी हात लावते. काय शिक्षा करायची ती मला कर, म्हातारीला नको. आजच अनवाणी येऊन तुझी ओटी भरीन.'

तांब्याला हात लावला तर चटका बसला. काठाखालून वाफ सणसणत होती. गाठ सुटेना. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढला, दातांनी सुतळी तोडली. तांब्या उडाला, खण उडाला, मनगटावर कढत पाणी आलं. नळीनं लांब सुस्कारा सोडला आणि टाकी गप्प झाली.

मग वेळूची काठी कठड्याला बांधून, बुटकी का होईना, गुढी पुन्हा उभारली. हळदकुंकू वाहिलं.

"भ्यालीस?" चिमणाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"मी बी. पर तुला सांगून आणिक घाबरवू कशाला, म्हटलं."

हंबीरराव जेवायला आले. त्यांना वाढून, सासूबाईंना चार घास भरवून आक्काताईंनी खण-नारळाचं ताट उचललं.

"एवढ्या उन्हात कुठं?"

"देवळात जाऊन येते."

चपला उंबऱ्याशी तशाच राहिल्या. भाजलेलं मनगट पदराखाली धरून त्यांनी तापल्या डांबरावर पहिलं पाऊल टाकलं.