खाडीतली नावं

मालू मध्यरेषा ओलांडून आत गेली तेव्हा तिचे ओठ हलताना सगळ्यांना दिसत होते, आवाज मात्र कुणालाच ऐकू येत नव्हता. बांधावर बसलेल्या पोरांनी चीं चीं करून मैदान डोक्यावर घेतलं होतं. पंच पुंडलिकराव कान पुढं करून तिच्या बाजूबाजूनं सरकले, थांबले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. कबड्डी कबड्डी हा दम पंचाला सतत ऐकू आला पाहिजे, नाहीतर चढाई करणारी बाद. मालू बाद झाली.

"गेली, गेली, उंदरीण बिळात गेली," नाथा माईकमध्ये म्हणाला, आणि मैदान पुन्हा हसलं.

नाथाचं बाकीचं वर्ष मिठागरात जाई. पण माघातल्या जत्रेला गावात मुलींची कबड्डी भरली की मांडवातली समालोचकाची खुर्ची त्याची. पेणजवळच्या गडब गावाच्या पलीकडं, हायवे सोडून खाडीच्या बांधापर्यंत गेलं की हे गाव लागतं. कापून झालेल्या भाताच्या खाचरात चुन्याच्या रेषा आखल्या जात, बांबूंना भोंगे बांधले जात, आणि पेणपासून रोह्यापर्यंतचे संघ टेम्पोतून उतरायला लागले की नाथाच्या जिभेला धार चढे. त्याला एक खोड होती आणि निम्मे लोक त्या खोडीसाठीच येत. प्रत्येक खेळाडूला तो पहिल्या चढाईतच एक नाव देऊन टाकी आणि मग दिवसभर तिला त्याच नावानं पुकारी. घोटा धरला की न सोडणारी ती खेकडा. लांब पायांची ती बगळी. खाडीतल्या बोईट माशासारखी उडी मारून सुटणारी ती बोईट. पोरी हसत, आणि नाव मिळालं नाही तर रुसतसुद्धा. एक नाव तेवढं त्यानं वर्षानुवर्षं राखून ठेवलं होतं, ते म्हणजे निवटी. भरती ओसरली की खाडीच्या चिखलावर तुरुतुरु पळणारा तो इवलासा मासा, हातात आला म्हणेपर्यंत निसटतो. एवढी चपळ पोर नाथाला अजून भेटायची होती.

खरं तर ती त्या सकाळी भेटली होती, आणि नाथाला ते कळलंही होतं. रोह्याजवळच्या वरसे गावच्या संघातली ही हडकुळी, काळीसावळी मालू पहिल्याच चढाईत दोघींच्या हातांखालून निघून परत आली, तेव्हा त्याच्या ओठांवर निवटी आलंसुद्धा होतं. पण तेवढ्यात शेजारच्या कुणीतरी सांगितलं, ही वाडीवरची हाय, कातकऱ्यांची. भातं कापून झाली की वाडीवरची माणसं शेतातली बिळं खणून उंदीर काढतात, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक. आयता हशा पुढ्यात पडलेला असताना तो उचलायचा नाही, एवढा शहाणपणा नाथाकडे नव्हता. "बघा बघा, कातवड्यांची उंदरीण आली," तो म्हणाला. लोक खो खो हसले. त्या हशात त्याला बरं वाटलं, नेहमी वाटायचं तसंच. वाडीवरच्या माणसांबरोबर मिठागरात बसून त्यानं विड्या ओढल्या होत्या, त्यामुळं आपण कुणाचं वाईट चिंततोय असं त्याच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

मग मालू उठली की चीं चीं, असं सुरू झालं. वरशानं तो सामना बाकीच्या पोरींच्या जिवावर कसाबसा काढला आणि अंतिम फेरी गाठली.

दुपारच्या जेवणाला बाहेरचा प्रत्येक संघ गावातल्या एकेका घरी जाई, ही तिथली जुनी रीत. योगायोगानं वरशाचा संघ नाथाच्या वाट्याला आला होता. त्याची बायको चंद्रावती पहाटेपासून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पोरी हातपाय धुऊन आत ओळीनं बसल्या. मालू आपलं ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसली.

"आत ये गो बाय," चंद्रावतीनं उंबऱ्यातून हाक मारली.

"इथंच बरी हाय."

चंद्रावतीनं पुन्हा आग्रह केला नाही. तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि तीही जाऊन ओट्यावर बसली, मालूच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून. यजमानीण बाहेर आणि पाहुणे आत, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. नाथा आतल्या बाजूला भिंतीला टेकून जेवत होता. खिडकी उघडी असल्यामुळं ओट्यावरचं सगळं त्याच्या कानावर येत होतं.

चंद्रावतीनं आधी घरचं विचारलं. बाप वीटभट्टीवर होता, आई नव्हती. दम एवढा लांब कसा टिकतो, असं विचारल्यावर मालू थोडी मोकळी झाली. ती रोज संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठानं कबड्डी कबड्डी म्हणत पळायची, दम संपेपर्यंत. तिथं ऐकायला कुणी नसायचं, म्हणून मोठ्यानं म्हणता यायचं.

"मग इथं का नाय म्हणत मोठ्यानं?"

मालूनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"मोठ्यानं बोलले का जास्त हसतात. हळू बोलले का पंच बाद देतात." थोड्या वेळानं ती म्हणाली, "आजचा खेळ शेवटचा हाय. शकूताईला सांगितलाय मी. मंग नाय येणार."

नाथाच्या समोर वरशाच्या पोरींची प्रशिक्षिका शकू बसली होती. एकेकाळी ती स्वतः खेळायची; आता रोह्यात शिवणकाम करून संध्याकाळी पोरींना खेळवायची. तिनंही ते ऐकलं होतं. ती वर न बघताच जेवत राहिली.

"खेळात चालतंच गो तेवढं," नाथा म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला. "मी सगळ्यांनाच नावं देतो."

"देता ना," शकू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सगळ्या पोरींना खाडीतली नावं दिलीत, काका. तिलाच तेवढं बिळातलं."

मैदानात हजार माणसांपुढं न अडखळणारा नाथा स्वतःच्या घरात ताट सरकवून पाटावरून उठला. त्याला लाज वाटली. हात धुवायला तो मागीलदारी गेला तेव्हा चंद्रावतीनं त्याच्या हातावर पाणी घातलं आणि ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "भोंगा लागला का तुमचा तोंड तुमचा राहत नाय."

अंतिम सामना गावच्याच पोरींशी होता. नाथानं सुरुवातीलाच माईक हातात घेतला आणि सांगितलं की वरशाच्या मालूला सकाळी मी नको ते बोललो, चुकलो, आता कुणी तिला त्या नावानं ओरडू नका. मग बांधावरून कुणीतरी मोठ्यानं चीं केलं आणि जो हशा उसळला तो सकाळच्यापेक्षा मोठा होता. नाथानं आजवर माईकवरून गंमत सोडून दुसरं काही सांगितलंच नव्हतं, त्यामुळं लोकांना ही त्याची नवी गंमत वाटली. त्यानं पुन्हा सांगितलं. लोक पुन्हा हसले. शब्द त्याच्या तोंडून गेला होता, पण आता तो गावाचा झाला होता आणि परत द्यायला गाव तयार नव्हतं.

मालूच्या पहिल्या चढाईला शिट्टी वाजली. दुसरीलाही वाजली. शकू पुंडलिकरावांकडं धावली; त्यांनी मान हलवली. मला ऐकू येत नाय तर मी काय करू, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं बोलत नव्हते. मध्यंतराला मालू आपल्या पोरींच्या घोळक्यात खाली बसली होती आणि बोटानं पायावरची माती खरवडत होती.

नाथा खुर्चीवरून उठून पुंडलिकरावांकडं गेला. सामना थांबवा, पोरांना हाकला, असं त्यानं सांगून पाहिलं. पुंडलिकराव बरीच वर्षं पंचगिरी करत होते. सामना थांबवला तर दंगा होईल, म्हणाले, आणि दंग्यात मार कोण खाईल तर याच पोरी, त्यांना टेम्पोतून घरी जायचं आहे. नाथानं बांबूंवरच्या भोंग्यांकडं बघितलं.

"तुमाला दम ऐकू आला पायजे, एवढंच ना?"

"व्हय."

"कानानं का भोंग्यानं?"

पुंडलिकरावांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुसायला त्यांनी जरा जास्तच वेळ घेतला.

"नियमात तसं काय लिवलेलं नाय," ते म्हणाले.

सामना संपत आला तेव्हा वरसे एका गुणानं मागं होतं आणि शेवटच्या चढाईची पाळी त्यांची होती. शकूनं मालूकडं बघितलं. मालू उठली. बांधावर चीं चीं सुरू झालं आणि कुणीतरी डबा बडवायला घेतला.

तेव्हा नाथा मांडवातून खाली उतरला. हातात माईक, मागं लोंबणारी वायर. भोंगेवाल्याला त्यानं जाता जाता खूण केली, त्यानं आवाज पूर्ण चढवला आणि भोंग्यांनी एक लांब शीळ घातली. नाथा मैदानाच्या कडेपर्यंत आला, आणखी पुढं जाऊ लागला तर वायर ताणली गेली. तो तिथंच रेषेबाहेर गुडघ्यांवर बसला आणि त्यानं माईक स्वतःच्या तोंडापासून दूर, हात लांब करून धरला.

"मोठ्यानं बोल गो बाय," तो म्हणाला. "आता मी गप हाय."

मालूनं त्याच्याकडं एकदा बघितलं. मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि ती आत गेली.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी. पहिल्यांदा ती स्वतःच्याच आवाजाला दचकली. बांबूंवरच्या चारही भोंग्यांतून तिचा दम बाहेर पडत होता. बांधावरून, देवळावरून, पलीकडं मिठागरांपर्यंत जात होता. ती उजवीकडं गेली तसा नाथा कडेकडेनं गुडघ्यांवर सरकला, डावीकडं आली तसा परत सरकला. पन्नाशीचा माणूस असा लहान पोरासारखा रांगताना बघून एरवी लोक हसून लोळले असते. पण ती काय म्हणतेय ते आता सगळ्यांना ऐकू येत होतं, आणि चीं चीं कुणाच्याच कानी जात नव्हतं. हळूहळू ते थांबलं. डबाही थांबला.

मालू एकीला शिवायला वाकली आणि तेवढ्यात तिचा घोटा धरला गेला. गावातली ती खेकडाच होती. मग बाकीच्या तिच्यावर पडल्या. मालू मध्यरेषेच्या अगदी जवळ कोसळली, हात पुढं ताणलेला, बोटं रेषेपासून वीतभर लांब. आणि त्या सगळ्या पोरींच्या खालून दम चालूच होता. नाथानं माईक जमिनीलगत धरला. कबड्डी, कबड्डी, घोगरा झालेला, मातीनं भरलेला, पण न तुटणारा. बोटं थोडी पुढं सरकली. कुंडलिकेच्या काठी जो आवाज कुणी ऐकला नव्हता तो आता अख्खं गाव श्वास रोखून ऐकत होतं. नाथाचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत, कारण हात मोकळा नव्हता.

मग दम संपला. पुंडलिकरावांनी शिट्टी वाजवली आणि हातानं पकडीची खूण केली. या वेळी ती पकडीनं बाद झाली होती, खेळात सगळ्याच होतात तशी.

गाव जिंकलं होतं, पण ओरडायचं सगळ्यांना जरा उशिरा सुचलं. तोवर त्या खेकडा पोरीनं मालूला हाताला धरून उठवलं होतं आणि तिच्या पाठीवरची माती झटकली होती. बांधावरची काही पोरं नाथाकडं रागानं बघत होती. घरच्याच संघावर हा उलटला, असं पुढं बरेच दिवस त्याला ऐकावं लागलं.

संध्याकाळी टेम्पो सुरू झाला तेव्हा नाथा वायर गुंडाळत टेम्पोपाशी आला. वर पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. चंद्रावतीनं बांधून दिलेलं भाकऱ्यांचं गाठोडं मालूच्या मांडीवर होतं. आजपर्यंत नाव देताना त्यानं कुणाला विचारलं नव्हतं.

"तुझ्यासाठी एक नाव हाय," तो म्हणाला. "खाडीतलंच हाय. निवटी. चालंल का तुला?"

मालूनं खरोखरच विचार केला. बाकीच्या पोरी तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"नको, काका," ती म्हणाली. "मालू बोला."

नाथानं मान डोलावली. टेम्पो हलला, आणि गाठोडं सांभाळत तिनं फळीवरून तोंड बाहेर काढलं.

"पुढल्या साली पण मालूच बोला."