दिलेला हात

"हात दिलाय म्या त्याला," रादिसाव पुन्हा म्हणाला.

"मग हिवाळाभर त्योच हात उकडून खावा," देसांका म्हणाली आणि डुकरापुढे उरलासुरला मका ओतला.

त्र्याण्णव सालचा नोव्हेंबर. रविवारी सरकारी खाटीकखान्याचा दलाल मियोमिर मोरावा नदीकाठच्या त्या गावात येऊन गेला. डुकराचा भाव ऐकून रादिसाव हुरळला. एकाच्या पैशात दोन डुकरं येतील, एक खाऊ, एक राखू. आलुबुखाऱ्याच्या दारूचा, राकियाचा, घोट घेऊन त्याने हातावर हात मारला, सौदा पक्का झाला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला बिचारा. तिकडे बेलग्रेडात सरकार रात्रंदिवस नोटा छापत होतं. गुरुवारी ट्रक दारात आला तेव्हा रविवारच्या भावात मिठाची पिशवी येत होती.

मियोमिरने विहिरीच्या कठड्यावर पुडकी ठेवली. नोटा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. देसांकाने एक सोडवली तर अंगठा निळा झाला.

"शाई तरी वाळू द्यायची, ल्येका."

"काकी, ठरला त्योच भाव हाय. एक दिनार कमी न्हाई."

"त्येच तर दुखणं हाय. कुंपणच शेत खातंय, राखण कुनी करायची?" ती नवऱ्याकडे वळली. "न्हाई म्हना की. नोटा छापणाऱ्यानं कुनाला हात दिला हुता?"

रादिसावला सगळं कळत होतं. पण त्याच्या बापाने लढाईतसुद्धा दिलेला हात मागे घेतला नव्हता. त्याने डुकराच्या खोपटाचं दार उघडलं. "न्या," तो म्हणाला, आणि त्या क्षणी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

डुक्कर ट्रकात चढलं. मियोमिरने हात पुढे केला. "गायीचं काय करता, काका? भाव वाढलाय."

रादिसावने दोन्ही हात खिशात घातले. "हात गारठल्यात माझं."

मियोमिर हसला नाही. "समद्या गावांत हात गारठल्यात, काका. वरच्यांच्या बी कानावर गेलंय. फुडल्या खेपेला हात मागायचा न्हाई, म्हनत्यात. संगं शिपाई येनार."

ट्रक धुक्यात गेला. कठड्यावरच्या नोटा वाऱ्याने फडफडत राहिल्या, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. रादिसावने गोठ्याला कडी घातली आणि ओढून बघितली. लाकडाची ती कडी त्याच्या बापाने लांडग्यांना अडवायला बसवली होती.