हळदीचा मांडव आणि अंधारा जिना

दापोड्याच्या बकुळाबाईंच्या घरावर त्या दिवशी इतकी रोषणाई होती की रस्त्यावरचे ट्रकवालेही मान वळवून बघत होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलाची, भाविकची हळद होती. नवरदेवाची आई मात्र सकाळपासून जळफळत होती, कारण भाविकने सगळ्यांदेखत सांगून टाकले होते, "पहिली हलद रीमाकाकी लावंल."

रीमा ही बकुळेची धाकटी जाऊ, सहा वर्षांपूर्वी विधवा झालेली. बाळंतपणानंतर बकुळेने वर्षभर अंथरूण धरले, तेव्हा तान्ह्या भाविकला रीमानेच वाढवले. आई मी, आणि पोराच्या तोंडी नाव तिचे! हा काटा बकुळेच्या मनात तेव्हापासून सलत होता. विधवेने हळदीला शिवायचे नाही, ही रीत तिला आयतीच सापडली.

दिवेलागणीला तिने, रीमा राहत होती त्या वरच्या खोलीच्या जिन्यातला बल्ब गुपचूप काढून घेतला. काळोखात कशाला उतरते ही, असा तिचा हिशेब.

रीमा उतरली, मोबाइलच्या उजेडात पायरी चाचपत. मानकोलीच्या गोदामात कामगारांच्या सुरक्षेचे काम तिच्याकडे होते. जिन्यात दिवा नसेल तर ती तिथले काम थांबवी.

"बत्ती कुनी काढली, वयनी?"

"बाहेर एवढी रोशनाई केलीय, ती दिसत न्हाय तुला?"

"ती शोभेची. कायद्यात उजेड म्हंजे जिथं पाय टेकतो तिथला. आन् जिना दोघींच्या नावावर हाय. माझी वाट काळोखात घालायचा हक तुला एकटीला न्हाय."

"रांडमुंड बाई हलदीत नको, म्हनूनच काढली!" बकुळा बोलून गेली.

भाविक पाटावरून उठला आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसला. "आये, हलद लावायची तर हितंच, नि पहिली काकीची. न्हायतर नको मना हलद."

बकुळेने आशेने बायजाबाईंकडे पाहिले. बायजाबाई गावची धवलारीण. लग्नाचे धवले त्यांनी गायल्याशिवाय कुणाची हळद लागत नसे.

"मी पन विधवाच हाय गो बकुले," म्हातारी म्हणाली. "माझा गला चालतो तुला, मंग तिचा हात का न्हाय चालत?"

रीमाची पिवळी बोटे भाविकच्या गालाला लागली. बकुळेचा मत्सर काही गेला नव्हता, फक्त त्याला आता रीतीचे पांघरूण मिळेना. ती बाजूला सरली.

वाचकहो, तुमच्या घरच्या हळदीला वरच्या खोलीत कोणाला बसवून ठेवले होते?