दिवलीबाईजवळ कोण बसेल

सारंगखेड्याच्या दगूबाईची सासू तुळशीबाई अंगणात पाय घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. नंदुरबारला दवाखान्यात ऑपरेशन झालं, तेव्हा दगूबाईच सोबत राहिली. शेजारच्या खाटेवर मोलगीकडच्या पाड्यातली दिवलीबाई होती. छाती कफाने भरलेली, अंगात काही उरलेलं नाही. तिची भाषा दगूबाईला कळत नव्हती.

दिवलीबाईला तिचा मुलगा चैत्या घेऊन आला होता. त्याची बायको दिवस भरलेली, पाड्यात एकटीच होती. तिला कळा सुरू झाल्याचा निरोप आला तसा तो कावराबावरा झाला. दगूबाईसमोर येऊन म्हणाला, "बाई, मी परत येईपर्यंत आईजवळ बसशील?"

"बससू. तू जाय," दगूबाई म्हणाली आणि आपला फोन नंबर त्याला दिला.

ती दिवलीबाईला चमच्याने पेज भरवू लागली. कूस बदलून द्यायची, घाम पुसायची. तुळशीबाई कुरकुरायची, "हाई रातभर खोकस. माले झोप नही." दगूबाई ऐकून घ्यायची.

चैत्या लवकर आला नाही. बायको अडली होती, तिला डोंगराखाली तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. आणि इकडे तुळशीबाईला घरी सोडलं. दगूबाईचा नवरा गिरधर गाडी घेऊन आला.

"तुम्ही मायले लई जा. मी थांबस," दगूबाई म्हणाली.

"कोन शे ती आपली?" गिरधर चिडला. "घर मायले कोन पाही?"

"आपली कोनी नही. पन मी बससू म्हनेल शे."

गिरधर काही बोलणार, तोच गाडीत टेकून बसलेली तुळशीबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिले. मन्हं भूमिका पाही ली." भूमिका म्हणजे दगूबाईची मुलगी. मग म्हातारीने आपली नवी चादर काढून सुनेच्या हातात ठेवली. "तिले पांघराले दे. थंडी वाजस तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. चैत्या होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, तो निघतो आहे. दगूबाईने दिवलीबाईच्या तोंडाजवळ वाकून दोन्ही हातांचा पाळणा केला, हलवला, आणि मुलगी झाली हे कळावं म्हणून आपल्या कानातल्या बाळीला हात लावून दाखवलं. दिवलीबाईला कळलं, ती हसली. तिने तसेच हात करायचा प्रयत्न केला, पण ते उचलले गेले नाहीत. दगूबाईने ते उचलून तिच्या छातीवर एकमेकांत ठेवले. दुपारी दिवलीबाईचा श्वास थांबला तेव्हा दगूबाईचा हात त्या हातांवरच होता.

चैत्या संध्याकाळी पोहोचला. खाटेपाशी उभा राहिला, मग खालीच बसला. दगूबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिली. घरी जायला बस होती, पण शववाहिनीत चैत्याला एकटं बसवणं तिच्याने होईना. तीही चढली.

गाडी पाड्यापर्यंत जात नव्हती. माणसं वाट पाहत थांबली होती. त्यांनी दिवलीबाईला खांद्यावर वर नेलं.

सगळं उरकल्यावर बायका दगूबाईभोवती बसल्या. बाळंतीण अजून दवाखान्यातच होती. एकीने दगूबाईला पाणी दिलं आणि काही विचारलं. चैत्याने सांगितलं, "आई शेवटी काय जेवली, विचारते."

"पेज. थोडी."

मग दुसरीने विचारलं, दुखलं का. तिसरीने विचारलं, कुणाला हाक मारली. दिवलीबाईची बहीण मागे भिंतीला टेकून होती, ती पुढे सरकली. तिने विचारलेलं चैत्याला सांगताना जड गेलं. "नातीचं कळलं का तिला?"

दगूबाईने मान डोलावली आणि हातांचा पाळणा करून दाखवला. मग म्हातारी बहीण तिच्या जवळ येऊन बसली आणि तिने खूण केली, परत दाखव. दगूबाईने परत दाखवलं. दिवलीबाई कशी हसली होती, तेही दाखवायचा प्रयत्न केला, पण तिथे तिचा धीर सुटला, आणि इतका वेळ न रडलेली ती त्या बाईच्या खांद्यावर मोकळी झाली.