कुशीवर वळवल्यानंतर

मित्रांनो, सोलापूरच्या एका इस्पितळातला मी एक जुना दाबमापक आहे. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे का, याची मला शंकाच वाटते. तरी सांगतो.

ऑपरेशनच्या वेळी माणसाच्या श्वासनलिकेत नळी घालतात. तिच्या टोकाशी लहानसा फुगा असतो. तो कमी फुगला तर हवा गळते, जास्त फुगला तर आतलं कोवळं अस्तर चिरडतं. त्या फुग्यातला दाब मी मोजतो. काटा हिरव्या पट्ट्यात असला की ठीक. मी नवा होतो तेव्हा भूल देणारे डॉक्टर गुरुशांत मला खिशात घालून मिरवत.

यंदा खंडेनवमीला मनकर्णाबाई आल्या. नवी पेठेत रस्त्याकडेला ओरडून टॉवेल विकणाऱ्या. फुप्फुसात पू झाला होता, थांबून चालणार नव्हतं.

"डाक्टर, गळ्याला काय करू नगा. आवाज गेला तर माझ्यापाशी कोण थांबतंय?"

"मावशी, तुमचा आवाज अक्कलकोटपर्यंत जातो म्हणे. जरा कमी झाला तर पेठ दुवा देईल."

त्या हसल्या. मग भूल चढली.

त्या उताण्या होत्या तेव्हा डॉक्टरांनी मला लावलं. काटा हिरव्यात होता. मग वच्छला सिस्टरनी मला शेजारच्या खोलीत नेलं, कात्र्या-चिमट्यांसोबत पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं. मधलं दार उघडंच होतं. तिकडे छाती उघडण्यासाठी मनकर्णाबाईंना कुशीवर वळवलं. वळवताना मान कलते, नळी सरकते, फुगा आवळला जातो. म्हणून पुन्हा मोजायचं असतं. डॉक्टरांना ते माहीत होतं. त्यांनी मला मागवलंही.

"सर, तो पूजेत बसलाय. उद्या दसऱ्यालाच उठंल की," वच्छला सिस्टर म्हणाल्या.

"राहू दे मग. बोटं कशाला दिलीत देवानं?"

त्यांनी नळीच्या बाहेरच्या टोकाची, आतल्या फुग्याला जोडलेली फुगी चिमटीत दाबून पाहिली आणि ठीक आहे म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. नळी मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवावी लागली. दसऱ्याला पूजा उठली, मला लावलं. काटा लाल टोकाला जाऊन आदळला. डॉक्टरांनी फुग्यातली हवा सोडली आणि कुणाकडे न बघता मला पुसून ठेवलं.

काही आठवड्यांनी मनकर्णाबाईंना धाप लागू लागली. फुग्यानं चिरडलेल्या जागी व्रण धरून श्वासनलिका आतून आवळत गेली होती. जीव जगावा म्हणून गळ्याला भोक पाडावं लागलं. त्यानंतर त्या नवऱ्यासोबत, नवनाथरावांसोबत, तपासणीला आल्या तेव्हा मी डॉक्टरांच्या टेबलावर पडलेला होतो.

"जीव वाचला ना? झालं तर," डॉक्टर म्हणाले.

"व्हय साहेब. घर लई शांत हाय आता," नवनाथराव म्हणाले.

दोघं हसले. मनकर्णाबाईंनी भोकावर बोट ठेवून ओठ हलवले. नुसती हवा आली. काय म्हणायचंय, असं त्यांना कुणीच विचारलं नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल. माणसाला कुशीवर वळवलंत की दाब पुन्हा मोजा. मी कुठेही मांडलेला असलो तरी उचला. देव रागावेल का, ते मला ठाऊक नाही. बाईंचा आवाज गेला, एवढं ठाऊक आहे.