निरगुडसरच्या पत्र्यावरचा अँटेना

मी एक जुना अँटेना आहे, मित्रांनो. विमानाचा, पण जन्म निरगुडसरच्या एका ओसरीवरचा. १९९७ साली भिमाजींनी मला घडवलं. हवाई दलात रेडिओ दुरुस्तीची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या मित्राने हौसेने एक छोटं विमान बांधलं होतं, त्याच्यासाठी मी. जमिनीवरचं रेडिओ केंद्र विमानांसाठी अखंड खुणेचा संदेश सोडतं. तो पकडायचा, म्हणजे वैमानिकाला दिशा कळते, हे माझं काम. सव्वा हाताच्या दोन तिरप्या पितळी नळ्या आणि खाली काळी वायर, एवढाच मी.

पारखण्यासाठी भिमाजींनी मला पत्र्यावर उभारलं. तो जुलै कोरडा गेला. शेजारच्या साळुबाई रोज माझ्याकडं संशयानं बघायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊजी, ह्या दांड्यांनी ढग पळत्यात. तुमी उतरवा, न्हाईतर मी उतरवीन."

"हे फकस्त ऐकतं, साळुबाई."

त्यांना पटलं नाही.

दोन दिवसांनी भिमाजी मंचरला गेले असताना माझी वायर तुटली. कोणी तोडली ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसा? आठवड्यावर विमानाचं उड्डाण आलं होतं. भिमाजी तडक शेजारी गेले.

"वायर तुमीच तोडली."

"मी शिडीला हातबी लावला न्हाई."

"मग काय आपोआप तुटली?"

गावभर बोभाटा झाला. साळुबाई किराणा दुकानात आल्या की बायका गप्प होऊ लागल्या. भिमाजींनी शिडीला कुलूप घातलं.

चौथ्या दिवशी नवी वायर जोडताना त्यांनी जुनी उन्हात धरली. तिच्यावर बारीक दातांच्या खुणा होत्या. खारीच्या. मग मला खांद्यावर टाकून, तो तुकडा घेऊन शेजारच्या दारात गेले.

"चुकलं माझं, साळुबाई."

साळुबाईंनी तुकडा निरखून पाहिला. "खारीचं दात दिसलं तवा पटलं. माझ्या शब्दावर न्हाई पटलं." तुकडा परत देत त्या म्हणाल्या, "हे हितं नगा सांगू. दुकानात सांगा."

भिमाजी दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

पुढं मी नऊ वर्षं उडालो. भीमाशंकरच्या धुक्यातून एकदा वाट दाखवली, तेव्हा माझं लई कौतुक झालं. मग उपग्रहावर चालणारं यंत्र आलं आणि मी पोत्यात गेलो.

मित्रांनो, मला पुसून ठेवा असं मी म्हणत नाही. घरात काही मोडलं, तर आधी ते हातात घेऊन नीट बघा. माणसाचं नाव त्यानंतर घ्या.