वस्तादांनी धरला दोर

पलटण सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याची जीप इंजिनावर निघायची नाही. त्याच्या जवानांनी तिला दोर बांधून फाटकापर्यंत ओढत न्यायची, हा पलटणीचा जुना रिवाज. अधिकारी जीपमध्ये मागे उभा, जवान दोराला आणि स्टिअरिंगवर वस्ताद. वस्ताद म्हणजे पलटणीतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. फाटकाआधी चांगला उतार होता. तिथे ब्रेक चुकला तर जीप थेट ओढणाऱ्यांच्या अंगावर, म्हणून ती जागा वस्तादांचीच. आजवर कितीतरी साहेब त्यांनी असे पोचवले होते, आणि नंतर स्वतः घरी येऊन नेहमीसारखे पोटभर जेवले होते.

पण आज छोटा कप्तान निघाला होता. हे पोरगं पलटणीत आलं तेव्हा नेम अचूक, नकाशे तोंडपाठ, पण गाडी म्हटली की बोंब! जवान हसतील म्हणून बिचारा कोणाला सांगेना. वस्तादांनी ते ओळखलं आणि गोदामामागच्या मैदानात त्याला गुपचूप शिकवलं. पहिल्या दिवशी जीपने असे आचके दिले की वस्तादांची टोपी पायात पडली. शिकवणी झाली की कप्तान त्यांच्याच घरी जेवायचा आणि वस्तादांच्या बायकोच्या हातच्या डाळीवर तुटून पडायचा. ती त्याला भावोजी म्हणायची.

"भावोजी निघतील तेव्हा चारचौघांत रडू नका हं," तिने वस्तादांना सकाळीच बजावलं होतं.

रडण्याचं सोडा, वस्तादांना आज एकदा तरी दोर धरायचा होता. आपल्या माणसाला आपल्या हातांनी ओढून न्यायचं होतं. सुभेदाराकडे त्यांनी तसा शब्दही टाकला होता.

"वेडा झालास का? उतारावर ब्रेक कोण तुझा काका मारणार?" सुभेदाराने एका वाक्यात निकाल लावला.

तोंड पाडून वस्ताद स्टिअरिंगवर बसले. सुभेदाराने आरोळी ठोकली, जवानांनी जोर लावला. जीप ढिम्म! पुन्हा जोर, पुन्हा ढिम्म. जवान घामाघूम झाले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "वस्ताद, हँडब्रेक!"

खरंच, हँडब्रेक ओढलेलाच होता. अख्खी पलटण खो खो हसत सुटली. वस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लक्ष ठिकाणावर असतं तर अशी चूक त्यांच्या हातून झोपेतही झाली नसती.

कप्तान मात्र हसला नाही. मागून उडी मारून तो पुढे आला.

"उतरा वस्ताद. तुम्ही दोर धरा, इथे मी बसतो."

"साहेब, पुढे उतार आहे," सुभेदार गडबडला. "तुम्हाला जमेल?"

"मला यांनीच शिकवलंय. त्यांनाच विचारा."

सगळ्यांच्या माना वस्तादांकडे वळल्या. सुभेदार आता हसत नव्हता. "पोरांच्या पायांचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "नीट विचार करून सांग."

"जमेल," वस्ताद म्हणाले. विचारबिचार त्यांनी काही केला नाही.

दोराला पुढे भरपूर जागा होती. वस्ताद सगळ्यांत मागे, जीपच्या अगदी तोंडाशी जाऊन उभे राहिले. चुकलं तर पहिला धक्का त्यांनाच बसणार होता. जीप हलली. उतार लागला तसे जवान चोरून मागे बघायला लागले. सुभेदार तर जवळजवळ उलटाच चालत होता. वस्तादांनी एकदाही मान वळवली नाही. छाती काढून, दोर खांद्यावर घेऊन ते नवरदेवाच्या मामासारखे मिरवत चालले होते.

फाटकाशी जीप थांबली. लोण्यासारखी अलगद.

कप्तान खाली उतरला. "काय वस्ताद, पास की नापास?"

"क्लच कच्चा आहे अजून. सुट्टीत शिकायला यावं लागेल."

"अहो, इंजिन बंद होतं की!"

"असू दे," वस्ताद म्हणाले, आणि बायकोचं बजावणं विसरून चारचौघांत ढसाढसा रडायला लागले. "तरी तुम्ही या."